झाडाला बांधलेला दोर

दुसरा ओढा ओलांडताना सारिकाच्या चपलेचा अंगठा तुटला. पुढे चाललेल्या केरबाआबांनी मागे वळून पाहिलं. खांद्यावरचा दोराचा वेढा दगडावर ठेवला, खिशातून सुतळी काढली आणि खाली बसून चप्पल बांधून दिली.

"ही चप्पल तुमच्या मशीनीपुढं चालत असंल ताई. हितं न्हाई चालायची."

"आबा, मी कान्ह्याची आहे. मला काय शहरातली समजता?"

"कान्ह्याला स्टेशन हाय. गावात स्टेशन आलं की माणसाचं पाय जात्यात."

दोर पुन्हा खांद्यावर घेऊन ते चालू लागले. सारिकाला हसू आलं नाही. आबांच्या औंढे गावातून निघून अर्धा तास झाला होता, डोहापर्यंत अजून तासाभराची चाल होती, आणि जे सांगायला ती सकाळी घरून निघाली होती ते अजून तिच्या तोंडातून निघालं नव्हतं.

श्रावणातला रविवार. लोणावळ्याचे सगळे रस्ते पाहुण्यांच्या गाड्यांनी तुंबलेले. डोंगराच्या अंगाच्या डोहात बाहेरगावचा एक मुलगा पाय घसरून पडला, तो वर आलाच नाही. बचाव पथकाची गाडी त्याच गर्दीत अडकलेली, म्हणून बुडालेल्याला काढायला चौकीतून केरबाआबांना फोन आला. गेली चाळीस वर्षं तो त्यांनाच येतो. आधी फोन नव्हते तेव्हा माणूस यायचा, एवढाच फरक.

फोन आला तेव्हा सारिका त्यांच्या पडवीत चहाचा कप धरून बसली होती. आबांनी दोर उचलला तशी त्यांची बायको सरूबाई दारात आडवी झाली. आबा तिच्या बाजूनं निघून गेले. मग सरूबाईनं सारिकाचा हात धरला.

"तुमी जावा संगं. तुमचं ऐकत्यात. पाण्यात उतरू द्यू नका त्यांना. माझी शपथ हाय."

म्हणून ती चालत होती.

सारिका घोरावाडी स्टेशनाजवळच्या एका तपासणी केंद्रात एमआरआयचं मशीन चालवते. आबांची तपासणी तिच्याच हातून झाली होती. त्यांची डावी किडनी तरुणपणीच मुतखड्यानं वाळून गेलेली. एका उजवीवर माणूस इतकी वर्षं हिंडत होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. आता त्या उजवीत, अगदी मधोमध, लिंबाएवढी गाठ दिसली होती. सोनोग्राफीत नक्की कळेना, म्हणून एमआरआय. त्याच्या अहवालात लिहून आलं की गाठीची कड उजळते आहे, कर्करोगाची शंका आहे. पुण्याच्या सर्जननं येत्या गुरुवारची तारीख दिली. गाठ मधोमध असल्यानं नुसती तेवढीच निघेल याची खात्री नव्हती. अख्खी किडनी गेली तर आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, जगेपर्यंत.

आबांनी तारीख ऐकली आणि म्हणाले, मी येत न्हाई.

ते सरूबाईनं सारिकाला फोनवर सांगितलं होतं. "तुमी समजवा," म्हणाली होती.

"आबा," चढ लागला तेव्हा सारिका म्हणाली, "गुरुवारचं काय ठरवलंत?"

"गुरवारी बैल न्हाईत का जोडायचं?"

"तुमच्याकडे बैल आहेत कुठे?"

"मग काय ठरवायचं?"

पाऊस नव्हता, पण झाडं गळत होती. थोड्या वेळानं आबाच बोलले, पाठमोरेच.

"हे बगा ताई, एक किडनी काढून टाकली तर दुसरी हाय म्हणायची सोय असती. मला तीबी न्हाई. आठवड्यातनं तीनदा मशीनीला बांधून घेऊन जगण्यापरीस गाठ घेऊन जगंन जेवढं हाय तेवढं. ती गाठ काय आज मारतीय का उद्या, कुणाला म्हाईत? तुमाला म्हाईत हाय?"

"नाही," ती खरं तेच बोलली.

"मशीनीला?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं. पण ‘कर्करोगाची शंका’ हे अहवालातले शब्द तिला तोंडावाटे काढवेनात, म्हणून ती पुढच्या दगडावर पाय ठेवण्यात गुंतल्यासारखी राहिली.

वाटेत आबा महिपतीबद्दल बोलले. महिपती औंढ्याचाच, जमीनजुमला असलेल्या घरातला. आबा पाण्यात उतरायचे आणि काठावर दोर महिपती धरायचा. दोराचं दुसरं टोक आबांच्या कमरेला. दोराला एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे वर ये. पहिल्यांदा दोघांनी दोर टाकला तो गावच्या विहिरीवर, एकोणीस-वीस वर्षांचे असताना.

"त्येच्या घरी मला चहा अंगणात यायचा, येगळ्या कपात. आईचा रिवाज. महिपती काय करायचा, तोबी अंगणात यिऊन बसायचा, आणि माझ्याच कपातला अर्धा प्यायचा. म्हातारी आतनं बघायची. सा म्हैने बघितलं. मग तिनं कप फोडून टाकला आणि आमाला दोगांना आत बोलावलं. म्हणली, मेल्यांनो, दोर एक हाय तर कप कशाला दोन."

"आता कुठे असतात ते?"

"गेला. दोन वर्सं झाली. हार्ट."

"मग दोर कोण धरतं?"

"झाडाला बांधतो."

सारिका थांबली. आबा थांबले नाहीत.

डोहावर दहा-बारा माणसं होती. दोन पोलीस, बाकी त्या मुलाच्या बरोबरची पोरं, थंडीनं आणि भीतीनं काळीनिळी पडलेली. त्यातला एक नुसता पाण्याकडे बघून "दादा, दादा" म्हणत होता. तो बुडालेल्याचा धाकटा भाऊ. आबांनी त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, आणि पाय कुठून घसरला तेवढंच विचारलं.

"आबा, उतरू नका," सारिका हळूच म्हणाली. "सरूमावशींनी शपथ घातली आहे. पोटाला दगडाचा मार लागला तर ती गाठ आत फुटेल. पथक येईल की."

"पथक येस्तवर अंधार पडंल. रातभर पाण्यात ठिवायचं का त्येला? त्यो भाऊ बगा."

तिनं बघितला. मग ती दोन पावलं बाजूला झाली.

आबांनी सदरा काढला. दोराचं टोक उंबराच्या बुंध्याला बांधलं, दुसरं कमरेला. पाण्याच्या कडेला उभं राहून हात जोडले, ओठ थोडे हलले. मग छाती भरून घेतली आणि खाली गेले.

सारिका मनात रामकृष्णहरी म्हणू लागली. तिची आई दुधाला उकळी यायची वेळ अशीच मोजायची, तिलाही तीच सवय. कपारीखाली पाणी संथ होतं. जिथे आबा बुडाले तिथे एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग दोऱ्यात ओवल्यासारखे एकामागून एक बारीक बुडबुडे येत राहिले, आणि आबा खाली जिकडे सरकत होते तिकडे ती ओळही सरकत होती.

पंचवीस. तीस. बुडबुडे थांबले नव्हते.

आणि पंचवीस ते तीसच्या मधे कुठेतरी सारिकाचा जप तुटला.

तपासणीच्या दिवशी तिनं आबांना मशीनमध्ये झोपवून सांगितलं होतं, मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा. इतर माणसं दहा-बारा सेकंदांत सुटतात. खोकतात, चुळबुळतात. आबा वीस सेकंद हालले नव्हते. तिनं माइकवर म्हटलं होतं, "आबा, तुमच्यासारखा पेशंट आजवर नाही बघितला." आणि अर्जावर लिहिलं होतं: श्वास उत्तम रोखला. तिच्या हातानं.

माणूस श्वास धरून आहे तर हे बुडबुडे कुठून येतायत?

आबा दोनदा वर आले, दोनदा गेले. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा एका हातानं त्या मुलाला शर्टाला धरून आणलं होतं. पोलिसांनी त्याला ओढून घेतलं. धाकटा भाऊ गुडघ्यावर बसून त्याचा शर्ट सारखा करू लागला. आबा गुडघाभर पाण्यात वाकून उभे होते, एक हात उजव्या कुशीवर. सारिकानं आपली ओढणी त्यांच्या खांद्यावर टाकली. अशा वेळी दुसरं काही मनात येऊ नये, पण येत होतं, आणि त्याबद्दल तिनं मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली.

परतीच्या वाटेवर ती आबांच्या मागोमाग पहिली उतरण उतरली. मग विचारलं, "आबा, पाण्यात श्वास सोडता तुम्ही?"

"समदा वारा कोंडून ठिवला तर छाती फुटती, डोकं फिरतं. सुतासुतानं सोडायचा. मंग लांबतो."

"मशीनमध्येही तसाच सोडत होता?"

आबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला. "व्हय. चाळीस वर्सांत दुसऱ्या रीतीनं दम धरलाच न्हाई. का? चुकलं का काय?"

"तुमचं नाही," ती म्हणाली. "माझं चुकलंय."

मग तिनं सगळं सांगितलं. गाठीत जुनं, घट्ट झालेलं रक्त असलं तर ती मशीनच्या चित्रात आधीपासूनच पांढरी दिसते. म्हणून एक चित्र, उजळवणारं औषध शिरेत टोचायच्या आधी घ्यायचं, एक नंतर, आणि दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं. जे उरतं ते औषध प्यालेलं, म्हणजे जिवंत, वाढणारं. काही उरलं नाही तर नुसतं साकळलेलं रक्त. "शाळेत आम्ही ट्रेसिंग पेपरवर नकाशा काढायचो. कागद जरा सरकला की कोकणच्या किनाऱ्याला दोन रेघा यायच्या. तुमचा श्वास हळूहळू सुटत होता, त्याबरोबर किडनी सरकत होती. कड उजळली असं जे लिहिलंय, ती कदाचित सरकलेली रेघच असेल."

"कदाचित?"

"कदाचित. खरंच उजळत असेल तर गुरुवारी जावंच लागेल. तसं वचन द्याल तरच मी परत तपासणीचं बघते."

आबांनी दोर दुसऱ्या खांद्यावर घेतला. "मशीनीनं दुसऱ्यांदा तेच सांगितलं, तर जातो," म्हणाले.

तो अहवाल लिहिला होता केंद्रातल्या मोठ्या डॉक्टर राजेश्वरी मॅडमनी. सोमवारी सकाळी सारिका त्यांच्यापुढे उभी राहिली आणि डोहावरचं सगळं सांगितलं. मॅडमनी चित्रं पुन्हा उघडली, मोठी केली, पुढेमागे केली.

"तू लिहिलंयस, श्वास उत्तम रोखला."

"चुकीचं लिहिलं मॅडम."

मॅडम रागावल्या नाहीत, ते तिला जास्त लागलं. त्या यकृताच्या कडेवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथंही दुहेरी रेघ आहे. मी गाठच बघत बसले." मग खुर्ची मागे सरकवली. "पण एकच किडनी आहे. पंधरवड्याच्या आत परत औषध द्यायचं म्हणजे आधी रक्त तपासायचं. आणि चित्र घ्यायचं कसं?"

दोघी त्यावर विचार करत बसल्या. श्वास चालू ठेवून घ्यायची एक पद्धत आहे. पोटावर पट्टा लावायचा, श्वासाची रेघ पडद्यावर दिसते, आणि रेघ तळाला आली की मशीन तेवढ्यापुरतं चित्र टिपतं. वेळ लागतो, पण पेशंटला काही करावं लागत नाही. औषधाशिवाय, पेशींमधलं पाणी कसं हलतं ते बघायची दुसरी पद्धत आहे. पण घट्ट रक्त तिलाही फसवतं, तिच्या एकटीवर विसंबून किडनी कापता येत नाही आणि वाचवताही येत नाही. निकाल लावणारं चित्र शेवटी औषधाचंच. आणि औषध झरझर येतं नि जातं, ते श्वास धरूनच टिपावं लागतं.

"श्वास पूर्ण सोडून धरायला लाव," मॅडम म्हणाल्या. "भरलेली छाती दर वेळी वेगळी भरते. रिकामी छाती दर वेळी तिथेच येते. आणि पट्टा लाव. या वेळी मला रेघ बघायची आहे."

मंगळवारी रक्ताचा अहवाल बरा आला. बुधवारी सकाळी आबा आले, सरूबाई बरोबर. पुण्याची तारीख दुसऱ्या दिवशीची.

पट्ट्याची चित्रं नीट आली. पाणी बघायचं चित्रही आलं. मग सारिका म्हणाली, "आता आबा, श्वास सगळा सोडायचा. आणि रिकाम्या छातीनं धरायचं. अठरा सेकंद. आधी एकदा नुसतं करून बघू."

पडद्यावर रेघ खाली गेली, तळाला टेकली. चार सेकंद. सहा. सातव्याला उसळून वर आली आणि घंटा वाजली. घाबरलं तर दाबायला दिलेला हातातला रबरी फुगा आबांनी दाबला होता.

सारिका धावत आत गेली. आबांचं कपाळ ओलं झालं होतं.

"रिकाम्या छातीनं पाण्यात जात न्हाईत ताई. पहिलंच शिकिवलं जातं. रिकाम्या छातीनं गेला त्यो वर येत न्हाई."

"हे पाणी नाही, आबा."

"मला म्हाईत हाय. अंगाला म्हाईत न्हाई."

दुसऱ्यांदा केलं, आठ सेकंद. तिसऱ्यांदा पाच. काचेपलीकडून मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. सरूबाई बाहेर बाकावर पदराचं टोक पिळत बसली होती.

"तुमचा आवाज लांबनं येतो," आबा छताकडे बघत म्हणाले. "आवाजानं भरवसा येत न्हाई. महिपती कधी वरडायचा न्हाई. कमरंला दोर असायचा."

सारिका ड्रेसिंगच्या खणाकडे गेली. त्यात कापसाची जाळीची पट्टी होती, धातूचा कणही नसलेली. तिनं तिचं एक टोक आबांच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं. दुसरं आपल्या मुठीत घेतलं. मॅडमना खूण केली की मशीन तुम्ही चालवा, मी आत थांबते. कानात बोळे घातले, बांगड्या आधीच काढलेल्या होत्या, आणि मशीनच्या पायथ्याशी उभी राहिली.

"एक हिसका, ठीक आहे. दोन, श्वास सोडून थांबा. तीन, वर या. बरोबर?"

"बराबर."

मॅडमनी काचेतून हात वर केला. सारिकानं दोनदा ओढलं.

मशीन धडधडू लागलं. आबांचं पोट खाली गेलं आणि तिथेच राहिलं. तिनंही आपला श्वास सोडला, धरला. रामकृष्णहरी, एक. रामकृष्णहरी, दोन. सातव्याला तिनं एकदा हलकेच ओढलं, मी आहे. पायाचा अंगठा जरासा हलला. बाराव्याला तिच्या स्वतःच्या कानात ठोके पडू लागले. रिकामी छाती किती लवकर माणसाला घाबरवते, ते तिला आजवर माहीत नव्हतं, आणि रोज ती वीस माणसांना श्वास धरायला सांगत होती. सोळा. सतरा. अठरा. तीन हिसके.

औषध गेलं. पुन्हा दोन हिसके. मग पुन्हा. चार वेळा आबा खाली गेले आणि चार वेळा वर आले.

मॅडम चित्रं बघत होत्या तेव्हा सारिका त्यांच्या मागे उभी होती. तिला बसवेना. मॅडमनी औषधानंतरच्या चित्रातून आधीचं वजा केलं. पडद्यावर किडनी झगझगीत उजळली, आणि तिच्या मधोमध एक काळं, गोल भोक. कड नाही, रेघ नाही.

मॅडमनी एकदा नाही, तीनदा केलं. तिन्ही वेळा काळं. मग त्यांनी पुण्याला सर्जनना फोन लावला.

"जुनं रक्त आहे," फोन ठेवून त्या आबांना म्हणाल्या. "आत्ता तरी त्यात वाढणारं काही दिसत नाही. उद्याचं ऑपरेशन ते करणार नाहीत. पण सहा महिन्यांनी परत यायचं. जरा जरी बदल दिसला तरी मी गप्प बसणार नाही. आणि कुशीला मार लागता कामा नये."

सरूबाईनं दोन्ही हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. मग आबांना म्हणाली, "आइकलं का? मार लागता कामा न्हाई म्हणल्या."

"आइकलं. बहिरा न्हाई झालो."

सारिका त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. आत आली की त्या जुन्या अर्जावर तिला खरं काय ते लिहायचं होतं. सरूबाई रिक्षा बघायला पुढे गेली. आबा मागे राहिले. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला पट्टी अजून तशीच होती. त्यांनी वाकून ती सोडली, हातावर गुंडाळली आणि खिशात घातली.

"झाडाला काय कळत न्हाई ताई," ते म्हणाले. "दोन वर्सं उंबराला बांधून उतरतोय. खाली अडकलो तर उंबर काय मला वडणार न्हाई. श्रावण सरला न्हाई अजून, फोन येनार, आणि मी जानार, तुमी आणि ही कितीबी शपथा घाला. तुमाला माझा दम कुटं संपतो ते आता ठावं झालंय. दुसऱ्या कुणाला न्हाई."

रस्त्यावरून सरूबाईनं हाक मारली. आबांनी तिकडे हात केला, पण हलले नाहीत.

"रईवारी तुमाला सुट्टी असती. फोन आला तर दोर धराया याल का?"